उपचार संपल्यावरचे दिवस कसे काढावेत, आणि कोणाच्या सोबतीने?

कोरेपान (धागाकर्ती)

गेल्या वर्षी माझ्या उजव्या स्तनात कर्करोगाची गाठ निघाली. शस्त्रक्रिया, दर २१ दिवसांनी एक अशा सहा किमो आणि मग रेडिएशनचे २५ दिवस हे सगळे पार पडून आता सात महिने झाले आहेत. हार्मोनची गोळी रोज चालू आहे आणि ती किमान पाच वर्षे घ्यायची आहे. रिपोर्ट चांगले आहेत. हे आधीच सांगून टाकते, कारण मला जे विचारायचे आहे ते उपचारांबद्दल नसून त्यानंतरच्या साध्यासुध्या दिवसांबद्दल आहे.

उपचार चालू असताना मी एक वही ठेवली होती. किमोचा दिवस तो पहिला दिवस धरून पुढचे आकडे मी समासात लिहीत असे. पहिले दोन-तीन दिवस स्टेरॉईडमुळे डोळ्याला डोळा लागत नसे, चौथ्या दिवशी अंगातले त्राण एकदम जाई, सातव्यापासून चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी सर्वांत खाली असत म्हणून गर्दीत जायचे नाही, दिवसातून दोनदा ताप पाहायचा आणि पारा १००.४ ला टेकला तर स्वतःच्या मनाने तापाची गोळी न घेता आधी रुग्णालयाला फोन करायचा, असे सगळे ठरलेले होते. पंधराव्या दिवसानंतर जरा माणसात आल्यासारखे वाटू लागले की पुन्हा रक्त तपासायची वेळ यायची. दिवस वाईट होते, पण प्रत्येक दिवसाला काम होते. शेवटच्या रेडिएशनच्या दिवशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी वॉर्डातली घंटा वाजवली, आणि त्या तारखेनंतर वहीची सगळी पाने कोरी आहेत.

घरातले आणि कामावरचे लोक मनापासून आनंदले. उपचारांच्या काळात त्यांनी माझे सर्व काही केले, त्यामुळे त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र त्यांच्या दृष्टीने हा विषय संपला आहे. केस परत आले म्हणजे मीही परत आले, असे ते धरून चालतात. मी सकाळी दहा वाजता थकते. बोलता बोलता साधा शब्द हरवतो. परवा कामावर 'कुलूप' हा शब्द मला आठवेना आणि मी हाताने किल्ली फिरवून दाखवली. उजवा हात संध्याकाळपर्यंत जड होतो. कुठे काही दुखले की पहिला विचार एकच येतो. हे कोणाला सांगावे? सांगितले तर समोरच्याचा चेहरा असा उतरतो की मग मलाच त्याची समजूत काढावी लागते.

गेल्या महिन्यात मी रुग्णांच्या एका गटाच्या बैठकीला गेले होते. दारापर्यंत गेले. आतून हसण्याचा आवाज आला आणि मी जिना उतरून परत आले. का आले, ते अजून मला सांगता येत नाही. तुमच्यापैकी ज्यांनी हे दिवस काढले आहेत, त्यांनी रोजचे दिवस पुन्हा कसे बसवले आणि आपली माणसे कुठे शोधली, हे वाचायला मला आवडेल.

दुपारचे_ऊन

कोरेपान, तुमची 'कुलूप' ची गोष्ट वाचून मी थोडा वेळ नुसता बसून राहिलो. माझ्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाला तीन वर्षे झाली. पहिल्या वर्षी माझेही शब्द असेच जात असत. आता पुष्कळ सुधारले आहे, पूर्ण नाही. मी एका वेळी एकच काम करतो, महत्त्वाचे बोलणे सकाळी उरकतो आणि लिहून ठेवायची लाज सोडून दिली आहे.

मला ऑक्सॅलिप्लॅटिन नावाचे औषध दिले होते. त्याने गार वस्तूला हात लावला की बोटांना टाचण्या टोचल्यासारखे होते, आणि गार पाण्याचा घोट घशात अडकतो. हे मला कोणीतरी आधी सांगितले होते, त्यामुळे मी तयार होतो. मात्र औषध बंद झाल्यावर पुढचे काही महिने बोटांचा बधिरपणा कमी होण्याऐवजी वाढू शकतो, हे मला ठाऊक नव्हते. सगळे म्हणत होते की आता उतार पडेल, आणि माझी बोटे तर दिवसेंदिवस अधिक मुकी होत चालली होती. सदऱ्याचे बटण काजात घालताना ते बोटांत आहे की निसटले, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळत नसे. कॉलरचे सर्वांत वरचे बटण आरशाशिवाय लागत नसे. एक दिवस त्या एका बटणासाठी मी अकरा मिनिटे घालवली आणि कामावर गेलोच नाही. आता पायांच्या बोटांत थोडा बधिरपणा उरला आहे, त्यामुळे रात्री उठताना मी दिवा लावल्याशिवाय पाऊल टाकत नाही आणि घरातही पायांत काहीतरी घालतो, कारण तळपायाला जखम झाली तरी कळत नाही.

तुमच्या मूळ प्रश्नाबद्दल एक सांगावेसे वाटते. फिट्झ्यू मुलन नावाच्या एका अमेरिकन डॉक्टरला वयाच्या तिशीच्या सुरुवातीला स्वतःलाच कर्करोग झाला होता. त्याने १९८५ साली एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिले की रुग्णाचे एकदम 'बरे झाला' किंवा 'नाही झाला' असे होत नसते, त्याला तीन ऋतूंतून जावे लागते. पहिला निदानाचा आणि उपचारांचा, तिसरा आजार परतण्याची शक्यता बरीच कमी झाल्यानंतरचा. मधला ऋतू उपचार संपल्यापासून सुरू होतो; त्यात भीती सर्वांत जास्त असते, शरीर थकलेले असते आणि रुग्णालयाचा हात मात्र सुटलेला असतो. ते वाचल्यावर, आपण कमकुवत आहोत म्हणून असे होत आहे, हा माझा समज गेला. कोरेपान, तुम्ही त्या मधल्या ऋतूत आहात. वहीची कोरी पाने ही तुमची चूक नाही.

सावली

मी रुग्ण नाही, माझे यजमान आहेत. त्यांना रक्ताचा कर्करोग झाला आणि दीड वर्षापूर्वी दात्याच्या मूळपेशी घालून प्रत्यारोपण झाले. नवीन पेशींना जुने काहीच आठवत नसते, म्हणून लहान बाळाला देतात त्या लशी त्यांना पुन्हा एकेक करून द्याव्या लागल्या. लशींचे कार्ड हातात घेऊन दवाखान्याच्या रांगेत बसलेला पन्नाशीचा माणूस मी पाहिला आहे, आणि त्या दिवशी आम्हां दोघांनाही फार बरे वाटले होते, कारण कित्येक महिन्यांनी ते चार लोकांत बसले होते.

कोरेपान, समोरच्याचा चेहरा उतरतो आणि मग तुम्हालाच त्याची समजूत काढावी लागते, हे तुमचे वाक्य मी दोनदा वाचले. तो उतरलेला चेहरा बहुधा माझ्यासारख्या माणसाचा असतो. मी रात्री त्यांच्या कपाळाला हात लावून ताप पाहते. ते झोपेचे सोंग घेतात, आणि ते सोंग आहे हे मला कळते. आम्ही एकमेकांना जपता जपता वर्षभर खरे काहीच बोललो नव्हतो. शेवटी आम्ही एक नियम केला. रोज संध्याकाळी जेवणानंतर पंधरा मिनिटे आजाराबद्दल बोलायचे, त्यांनीही आणि मीही, आणि त्या वेळात समोरच्याने उपाय सुचवायचा नाही, फक्त ऐकायचे. पंधरा मिनिटे झाली की विषय बंद. पहिल्या दिवशी आम्ही दोघेही गप्प बसलो होतो. चौथ्या दिवशी ते म्हणाले, "मला तू कपाळाला हात लावलेला आवडत नाही." मला वाईट वाटले, पण त्या रात्री आम्ही दोघेही झोपलो.

घरच्यांनाही कोणीतरी लागते, एवढेच मला या धाग्यावर नोंदवायचे होते. रुग्णाच्या गटात बसून रुग्णासमोर आमची भीती आम्हाला सांगता येत नाही.

एकटाकी

माझे मत थोडे वेगळे आहे. मला थायरॉईडचा कर्करोग होता, उपचारांना पाच वर्षे झाली. मी एका गटात तीन वेळा गेलो आणि मग जाणे सोडले. तिथे प्रत्येकाने आपण किती खंबीर आहोत ते सांगायचे आणि बाकीच्यांनी मान डोलवायची, अशी रीत होती. एका बाईंना रडू आले तेव्हा गट चालवणाऱ्यांनी "सकारात्मक राहा, अश्रूंनी पेशी कमजोर होतात" असे त्यांना सांगितले. मला त्या वाक्याचा आजही राग आहे. माणसाला आधीच आजार झालेला आहे, त्यात वर तो आपल्याच मनाच्या दुबळेपणामुळे परत येईल, हे ओझे त्याच्या डोक्यावर कशाला?

माझी माणसे मला इतरत्र मिळाली. आठवड्यातून दोन दिवस मी बुद्धिबळ खेळायला जातो. तिथे कोणालाही माझा आजार माहीत नाही. ते दोन तास मी रुग्ण नसतो. कोरेपान, तुम्ही दारातून परत आलात त्याबद्दल स्वतःला दोष देऊ नका. प्रत्येकाला गट हवा असतोच असे नाही.

वॉर्डातली

मी किमोच्या डे-केअर वॉर्डात परिचारिका आहे. एकटाकी, तुम्हाला जे ऐकावे लागले त्याबद्दल या व्यवसायातली म्हणून मला खरोखर वाईट वाटते. रडण्याने कर्करोग वाढत नाही. हे मी रुग्णांना रोज सांगते आणि इथेही स्पष्ट सांगते.

गटांबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण यात बराच गैरसमज आहे. १९८९ साली डेव्हिड स्पीगल यांनी शरीरात पसरलेला स्तनाचा कर्करोग असलेल्या ८६ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दर आठवड्याच्या गटात बसणाऱ्या स्त्रिया इतरांपेक्षा जवळजवळ दुप्पट काळ जगल्याचे दिसले, आणि गटाने आयुष्य वाढते ही समजूत तिथून पसरली. पुढे कॅनडात २३५ स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २००१ साली आले. त्यात आयुष्य वाढलेले दिसले नाही. मात्र मनाचा त्रास आणि वेदना कमी झाल्या, आणि तोही फायदा सुरुवातीला ज्यांना जास्त त्रास होता त्यांना झाला. ज्यांचे आधीपासूनच बरे चालले होते त्यांना फारसा फरक पडला नाही. म्हणजे एकटाकी यांना गटाची गरज भासली नाही हेही खरे आणि दुसऱ्या कोणाला तोच गट आधार देतो हेही खरे. जगण्याची मुदत वाढावी म्हणून कोणी जाऊ नये. आजची संध्याकाळ सोपी व्हावी म्हणून जावे.

कोरेपान, तुमच्या थकव्याबद्दल. किमो-रेडिएशननंतरचा थकवा झोपेने भरून निघत नाही, आणि म्हणूनच "विश्रांती घे" हा सल्ला अपुरा पडतो. आधी डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन, थायरॉईड, झोप आणि मनाची उदासी या गोष्टी तपासून घ्या, कारण यांतल्या प्रत्येकीवर स्वतंत्र उपाय आहे. त्या ठीक असतील तर चालणे हे सर्वांत भरवशाचे औषध आहे. २०१९ सालच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येकी ३० मिनिटे, थोडा दम लागेल असे चालणे आठ ते बारा आठवडे केल्यास थकवा कमी होतो. पहिल्या दिवशी ३० मिनिटे चालू नका. पाच मिनिटे चाला आणि थकायच्या आत परत फिरा. चांगल्या दिवशी सगळी कामे उरकून पुढचे दोन दिवस अंथरुणात काढणे ही आमच्या रुग्णांची नेहमीची चूक असते.

हाताचा जडपणा मात्र लगेच दाखवा. काखेतल्या गाठी काढल्यावर किंवा तिथे रेडिएशन दिल्यावर हाताला सूज येऊ शकते, आणि अंगठी घट्ट होणे, बाही रुतणे ही तिची पहिली लक्षणे असतात. सुरुवातीलाच दाबपट्टीची बाही आणि व्यायाम सुरू केले तर ती आटोक्यात राहते. त्या हाताने काहीच उचलायचे नाही, असे पूर्वी सांगत असत. शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत नेले तर सूज वाढत नाही, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले आहे, त्यामुळे हाताला कायमचे जायबंदी समजू नका.

आणखी एक. शून्य ते दहा या पट्टीवर गेल्या आठवड्यातला मनाचा त्रास किती, हे विचारण्याची पद्धत १९९८ पासून वापरात आहे. उत्तर चार किंवा त्याहून जास्त असेल तर नीट चौकशी व्हायला हवी. तुम्हाला कोणी विचारले नसेल तर पुढच्या फॉलोअपला तुम्हीच आकडा सांगा. "बरे वाटत नाही" या वाक्यावर डॉक्टर मान हलवतात. "सात आहे" म्हटले की हातातले पेन खाली ठेवतात, हे मी पाहिले आहे.

पायरी

लिहावे की नाही याचा मी दोन दिवस विचार करत होते.

माझा कर्करोग हाडांत आणि यकृतात पसरलेला आहे. माझे उपचार संपणार नाहीत. एक औषध काम करते तोवर ते चालते, मग दुसरे. दर तीन महिन्यांनी स्कॅन होतो आणि माझे वर्ष त्या स्कॅनच्या तारखांवर बेतलेले असते. घंटेची ही पद्धत १९९६ साली ह्यूस्टनच्या एका रुग्णालयात उपचार पूर्ण करणाऱ्या एका नौदल अधिकाऱ्याने आणलेल्या घंटेपासून सुरू झाली, असे वाचले आहे. हेतू चांगलाच असणार. आमच्या वॉर्डात मी जिथे बसते तिथून ती घंटा दिसते. ती वाजली की मी टाळ्या वाजवते, आणि मनापासून वाजवते. मी ती कधी वाजवणार नाही, हे माझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या माणसालाही माहीत असते, आणि तो माझ्याकडे पाहायचे टाळतो.

कोरेपान, तुम्ही ज्या बैठकीच्या दारातून परत आलात तशाच एका बैठकीत मी वर्षभर जात होते. मी बोलू लागले की खोली थंड होत असे. तिथल्या प्रत्येकाला जे होऊ नये असे वाटत होते, ते माझ्या रूपाने तिथे बसलेले होते. त्यांचा दोष नव्हता. मी जाणे थांबवले आणि मग आम्ही चौघीजणींनी, चौघींचाही आजार पसरलेला, आपापसांत फोनवर बोलायला सुरुवात केली. आठवड्यातून एकदा, रात्री नऊ वाजता. आम्ही बहुतेक वेळा साध्याच गोष्टी बोलतो. कोणत्या औषधाने तळहाताची कातडी निघते आणि त्यावर कोणते मलम लावायचे, मुलाला किती सांगायचे, कामाचा राजीनामा कधी द्यायचा. मृत्युपत्र करायचे होते तेव्हा चौघींनी एकाच आठवड्यात केले, कारण एकटीने तो कागद पुढे ओढायचा धीर कोणातच नव्हता. आता आम्ही तिघी आहोत. नऊ वाजता चौथीचा फोन येणार नाही, हे पहिले काही आठवडे कोणीच बोलून दाखवले नाही. मग एकीने विचारले, "तिच्याबद्दल बोलायचे का?" आणि त्या रात्री साडेअकरापर्यंत आम्ही तिच्याबद्दलच बोललो.

ज्यांच्यासमोर मला बरी असल्याचे दाखवावे लागत नाही, ती माझी माणसे. ती दोनच असली तरी मला पुरतात. तुमची माणसे कदाचित त्या हसणाऱ्या खोलीत असतील, कदाचित नसतील. पण ते हसणे ऐकून तुम्ही परत आलात, याचे कारण मला कळते असे वाटते. त्या लोकांना हसता येते आणि आपल्याला अजून येत नाही, असे तुम्हाला वाटले असेल. त्यांनाही सुरुवातीला येत नव्हते.

सावली

पायरीताई, तुम्ही लिहिलेत हे फार चांगले झाले. यजमानांना वाचून दाखवले. आजची पंधरा मिनिटे तुमच्या चौथ्या मैत्रिणीबद्दल बोलण्यात गेली.

एकटाकी

पायरी, माझ्या आधीच्या प्रतिसादात मी गटांबद्दल जरा सरसकट लिहिले, असे आता वाटते. माझा त्रास फार मोठा नव्हता, त्यामुळे बुद्धिबळाने भागले. माझा राग त्या एका वाक्यावर होता आणि तो कायम आहे.

दुपारचे_ऊन

ज्यांना खोलीभर लोकांची धास्ती वाटते त्यांच्यासाठी एक वाट आहे, ती इथे नोंदवतो. टेरेस लॅसर नावाच्या एका बाईंचे १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये स्तन काढण्याचे ऑपरेशन झाले. हात कसा हलवायचा, कपडे कसे बसवायचे, घरी काय सांगायचे, यांपैकी काहीच त्यांना कोणी सांगितले नाही. बऱ्या झाल्यावर त्या स्वतः नव्याने ऑपरेशन झालेल्या स्त्रियांना एकेकीला जाऊन भेटू लागल्या. त्यातून त्यांनी जे काम उभे केले ते १९६९ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीने आपल्याकडे घेतले, आणि अनुभवी रुग्णाने नव्या रुग्णाला भेटण्याची ही रीत पुढे अनेक देशांत गेली. त्यात गट नाही, भाषण नाही. तोच आजार, साधारण तेच उपचार आणि जवळपास तेच वय असलेले एक माणूस, दोन-चार वर्षे पुढे गेलेले, तासभर तुमच्याशी बोलते. बहुतेक गटांमध्ये आणि कर्करोगाच्या रुग्णालयांत अशी गाठ घालून देणारे कोणीतरी असते, फक्त आपण होऊन विचारावे लागते. मला असा माणूस मिळाला होता, आणि पहिल्या भेटीत त्याने मला बटण लावायची तार दाखवली. लाकडी मुठीला तारेचे एक वेटोळे बसवलेले असते. ते काजातून घालायचे, बटणात अडकवायचे आणि ओढून घ्यायचे. दोन वर्षे झाली, ती तार अजून माझ्या कपाटात खुंटीला आहे.

कोरेपान

सगळ्यांचे प्रतिसाद मी पुन्हा पुन्हा वाचले. वॉर्डातली, तुमच्या सांगण्यावरून हात दाखवला. सूज सुरुवातीची आहे. बाहीचे माप घेतले, आणि व्यायाम शिकवणाऱ्या बाईंची पुढच्या आठवड्यातली वेळ मिळाली आहे. फॉलोअपला मी "सहा" असे सांगितले. डॉक्टरांनी पेन खाली ठेवले.

पायरीताई, घंटेबद्दल मी ज्या सहजतेने लिहिले, ते वाचताना तुम्हाला काय वाटले असेल, हे माझ्या ध्यानातही आले नव्हते. तुम्ही रागावला नाहीत, उलट माझ्या परत फिरण्याचे कारण मला सांगितलेत. ते तुम्ही म्हणता तसेच होते.

ज्या गटाच्या दारातून मी परत आले होते त्यांना मी काल फोन केला आणि आधी एकाच कोणाशी तरी बोलता येईल का, असे विचारले. त्यांनी चार वर्षांपूर्वी हेच उपचार झालेल्या एका बाईंशी गाठ घालून दिली आहे. गुरुवारी दुपारी चार वाजता त्या फोन करणार आहेत. विचारायचे प्रश्न मी त्याच वहीत लिहायला घेतले आहेत, शेवटच्या रेडिएशनच्या तारखेच्या पुढच्या पानावर. आतापर्यंत बाहीखाली घाम येतो त्याचे काय करायचे, रात्री गोळीमुळे अंगातून वाफा निघतात तेव्हा पांघरूण कोणते घ्यायचे, आणि पहिले वर्ष संपेपर्यंत शब्द परत येतात का, एवढे तीन झाले आहेत. आणखी काय विचारावे हे कोणाला सुचत असेल तर गुरुवारच्या आत इथे लिहा.